लाल ठिपका पुसलेलं काडतूस

मी एक काडतूस. बार उडाला की आमची गोळी पुढे निघून जाते आणि मागची पितळी नळी बंदुकीशेजारच्या गवतात पडते. ती नळी म्हणजे मी. नऊ वेळा माझ्यातून गोळी गेली आणि नऊही वेळा मी मागेच राहिलो. ती कुठे गेली, कोणाला लागली, हे मला कधी दिसलंच नाही. जे कळलं ते माणसांच्या बोलण्यावरून, म्हणून माझे कान फार तिखट आहेत.

कारखान्यातून निघालो तो फिनलंडच्या उत्तरेकडच्या एका खेड्यात, आर्मासच्या घरी आलो. आर्मास रिकामी नळी फेकणाऱ्यांतला नव्हता. चांदमारीच्या मैदानात नेम लावून झाले की गुडघ्यांवर बसून एकेक नळी वेचायचा. मग स्वयंपाकघरातल्या टेबलावर आम्हाला धुवायचा, बुडात ठिणगी पाडणारी नवी टोपी ठोकायचा, दारू भरायचा आणि नवी गोळी बसवायचा. त्याची बायको रायली समोर बसून काट्यावर दारू तोलायची.

"एवढा खटाटोप कशाला? दुकानात मिळतात की," ती म्हणायची.

"दुकानातली सगळ्यांच्या बंदुकांसाठी असतात. ही आपल्या बंदुकीसाठी."

गोळ्या दोन जातींच्या असायच्या. बंद टोकाची अंगभर तांब्यात मढवलेली. ती चांदमारीला चालते आणि हिवाळ्यात पाइनच्या शेंड्यावर बसणाऱ्या मेत्सोला, म्हणजे इथल्या भल्याथोरल्या काळ्या रानकोंबड्याला. बारीक भोक पाडून ती आरपार जाते, मांस नासत नाही. दुसरी मऊ शिशाच्या टोकाची. ती घोड्याहून उंच अशा मूस हरणासाठी. आत शिरली की पसरते आणि जनावर लवकर खाली येतं. मूसला बंद टोकाची मारली तर ते जखम घेऊन कोसभर पळतं आणि दलदलीत तडफडत मरतं. म्हणून कायद्यानेच तिला बंदी आहे.

घोटाळा नको म्हणून बंद टोकाच्या काडतुसांच्या बुडावर आर्मास लाल ठिपका द्यायचा. तरीही बंदुकीत घालण्याआधी हातमोजा काढून टोकावरून अंगठा फिरवल्याशिवाय राहायचा नाही.

"ठिपका दिलायस ना? मग पुन्हा चाचपतोस कशाला?"

"ठिपका पुसला जातो गं. अंगठा माझ्याजवळच असतो."

माझ्या दहाव्या जन्मी त्याने मला बंद टोक बसवलं आणि बुडाला लाल ठिपका दिला. त्याच हिवाळ्यात अंगणातला बर्फ उपसताना आर्मास छातीवर हात धरून खाली बसला तो उठलाच नाही. मी कपाटातल्या डब्यात होतो. आठवडाभर त्या टेबलावर कोणी बसलं नाही, आणि मला फार चुकल्याचुकल्यासारखं वाटलं.

वसंतात रायलीने नेमबाजीची परीक्षा दिली, पास झाली आणि गावाच्या शिकारटोळीत नवऱ्याचं मचाण मागितलं. टोळीचा म्होरक्या आर्मासचा धाकटा भाऊ सुलो. त्याने कॉफी पिता पिता स्वतःचं बोटभर जाड काडतूस टेबलावर उभं केलं.

"वहिनी, ती दादाची चिमुकली काडतुसं ठेव बाजूला. हे घे. मूस काय, आगगाडीचं इंजिन आडवं होईल."

"आणि झाडताना तू डोळे मिटतोस, त्याचं काय?"

टोळीतला म्हातारा कौको इतका हसला की त्याची कॉफी नाकात गेली. सुलोचे कान लाल झाले.

"हसा. पण यंदा मचाणासमोरून मूस सोडलंस, तर पुढच्या वर्षी ते मचाण दुसऱ्याला. टोळीत दयामाया नाही."

ऑक्टोबरात शिकारीच्या पहाटे रायलीने डब्यातून ठिपका नसलेली पाच काडतुसं खिशात टाकली. माझा ठिपका डब्याला घासून घासून पार पुसला होता. थंडीने बोटं वाकत नव्हती. तिने हातमोज्यासकट मला बंदुकीत सरकवलं. मला बोंब मारावीशी वाटली, पण काडतुसाला बोलायची एकच रीत ठाऊक.

तासाभराने वायरलेसवर सुलोचा आवाज आला, "वहिनी, मोठा नर तुझ्याकडे येतोय." तिने उजवा मोजा काढला, बोटं ऊब धरावीत म्हणून हात खिशात घातला, आणि सवयीने चारही टोकांवरून अंगठा फिरला. चारही मऊ. मग ती थबकली. बंदुकीतल्या पाचव्यावरून अंगठा फिरलाच नव्हता.

तेवढ्यात झाडीतून नर बाहेर आला. पन्नास पावलांवर, आडवा, निवांत. मला वाटलं, आता दाबणार. कोणाला कळलं असतं? पण रायलीने बंदूक उघडली. खट्ट आवाज झाला, मी शेवाळात पडलो आणि नर झाडीत दिसेनासा झाला. अर्ध्या तासाने तो सुलोच्या मचाणाखाली पडला.

संध्याकाळी मांसाच्या खोपटात सगळे जमले. "काय वहिनी, दर्शन घेतलं आणि सोडून दिलंस?" सुलो म्हणाला.

रायलीने मला फळीवर ठेवलं. "माझ्या बंदुकीत मेत्सोची गोळी होती. चूक माझी. अंगठा फिरवला नाही. म्हणून झाडली नाही."

कौकोने आपल्या खिशातली काडतुसं फळीवर ओतली आणि एकेक टोक चाचपलं. मग दुसऱ्याने, तिसऱ्याने. सुलो शेवटी. एकेकावर अंगठा फिरवता फिरवता त्याचा हात थांबला. त्याच्या उरलेल्या चारांत एक बंद टोकाचं होतं. त्याने ते माझ्याशेजारी उभं केलं.

"माझ्या बंदुकीत आज ते नव्हतं, हे माझं नशीब," तो म्हणाला.

चार दिवसांनी मांसाचे वाटे झाले. इथली रीत अशी की एकाने पाठ करून उभं राहायचं, दुसऱ्याने वाट्यावर काठी टेकवून विचारायचं आणि पाठमोऱ्याने नाव घ्यायचं. वर्षानुवर्षं त्या घराचा वाटा आर्मासच्या नावाने निघायचा. तो गेला तरी तेच चालेल, असं सगळे धरून होते.

कौकोने पहिल्या वाट्यावर काठी टेकवली. "हा कोणाचा?"

सुलो पाठमोराच होता. "रायलीचा," तो म्हणाला. "मचाणवाल्या रायलीचा."

रायलीने डोळे पुसले आणि वाटा उचलला.

आता मी तिच्या स्वयंपाकघरात खिडकीशी, कॉफीच्या डब्याशेजारी असतो. दहा जन्मांत पहिल्यांदाच माझी गोळी माझ्याजवळ राहिली आहे, आणि ती कुठे गेली असती हेही मला आता ठाऊक आहे. शिकारीच्या पहाटे निघण्याआधी रायली मोजा काढते, माझ्या टोकावरून अंगठा फिरवते आणि मग आपली काडतुसं चाचपते. तुम्हीही कधी आमच्यातलं एखादं निवडाल, तेव्हा आधी मोजा काढा.