परतीच्या पिशव्या

ऑगस्ट, म्हणजे इथल्या हिवाळ्याचा शेवटचा महिना, सरत आला तरी लोंकिमायच्या डोंगरांवरचं बर्फ जागचं हललं नव्हतं. त्या दिवशी मात्र फिकट ऊन पडलं, वळचणीला थेंब धरले, आणि रोसेंदाने टेबल पुसून वाटेचं सामान मांडलं. भाजलेलं पीठ, पेवेन झाडाच्या उकडून सोललेल्या बिया, सुकवलेलं मांस, मेणात बुडवलेल्या काड्या.

तिचा नवरा लिबोरियो मेअखेरीस वरच्या कुरणावर गेला होता. चुकार घोड्या हाकून आणतो, आठवड्यात येतो, म्हणाला. चौथ्या दिवशी बर्फ उतरलं आणि वाट बुजली. वरच्या झोपडीत एका माणसाला महिनाभर पुरेल इतकं पीठ होतं. महिने तीन झाले. वस्तीतली माणसं आता तिच्यासमोर त्याचं नाव हळू आवाजात घेत.

धाकटा दीर एवारिस्तो दार ढकलून आत आला. त्याच्या काखेत वेताच्या जाळ्यांचे दोन जोड होते, बर्फात रुतू नये म्हणून पायांना बांधायचे.

"वहिनी, वऱ्हाड निघालंय की काय?"

"तुमच्यासारखा खादाड सोबत म्हणजे वऱ्हाडच की, भावोजी. गुडघा कसाय?"

"गुडघा म्हणतो, वहिनीला पुढे घाला."

ती हसली. कितीतरी दिवसांनी हसली, आणि हसू ओठांवर नव्या चपलेसारखं टोचलं.

त्याने टेबलावर बोटाने वाट काढली. पहिली रात्र खडकाच्या कपारीत, दुसरी पेवेनच्या राईत, तिसरी झोपडीत. परतताना पुन्हा राई, पुन्हा कपार. पहाटे निघायचं, ऊन चढलं की थांबायचं. बर्फाचा वरचा पापुद्रा तोवरच कडक. ओझं जास्त झालं तर पहाटेही तो फुटतो, आणि माणूस कमरेपर्यंत आत.

म्हणून इथले लोक परतीचं अन्न पाठीवर वागवत नाहीत. जाताना प्रत्येक मुक्कामी टांगून ठेवतात, माणशी एक पिशवी. रोसेंदाने लिबोरियोच्या जुन्या निळ्या सदऱ्याच्या सहा पिशव्या शिवल्या होत्या. तीन कपारीसाठी, तीन राईसाठी.

एवारिस्तोने गाठोडं तुळईला टांगलेल्या वजनकाट्याला अडकवलं, आकडा पाहिला, परत उतरवलं. सहांतल्या दोन पिशव्या काढून बाजूला ठेवल्या.

"त्या राहिल्या, भावोजी."

"राहू देत. वजन होतंय."

"मग तो येताना काय खाईल?"

एवारिस्तोने 'माते'चा, म्हणजे इथल्या कडू चहाचा, पोकळ भोपळा उचलला, नळी तोंडात धरली. पाणी कधीच संपलं होतं, तरी ओढत राहिला.

"झोपडीत पीठ आहे ना," तो म्हणाला. "तेच बांधून आणू."

"एका महिन्याचं होतं."

"थोडं उरलं असेल."

रोसेंदाने त्याच्याकडे पाहिलं. मग सावकाश, चुलीशी बोलावं तसं, म्हणाली, "पीठ उरलं असेल, तर ते खायला कोणी राहिलं नव्हतं, भावोजी."

एवारिस्तोने भोपळा खाली ठेवला.

"वजन होतंय ना? मग माझ्या दोन काढा," ती म्हणाली. "त्याच्या राहू देत."

"आणि परतताना तुम्ही काय खाल?"

ती पिशवीच्या तोंडाची दोरी वळत बसली. परतीचा विचारच तिच्या मनात नाही, हे एवारिस्तोला दिसलं. त्याने पीठ पुन्हा डब्यात ओतलं, एकेक पिशवी झटकून. पिठाचा धुरळा उन्हात उभा राहिला.

"नाही जायचं."

"मी एकटी जाईन."

"जाल हो, तुमचा काय भरवसा!" तो ओरडला. मग जाळ्यांचे दोन्ही जोड त्याने काखेत मारले. "हे माझ्या घरी राहतील. सप्टेंबर संपला की वाट मोकळी होईल. तेव्हा घोडे घेऊन जाऊ."

"तोवर तो..."

"तोवर काही बदलायचं नाही, वहिनी." आवाज खाली आला होता. "माझाही तो भाऊच आहे."

तो गेला. उघड्या दारातून त्याची लंगडी चाल दिसत होती, पांढऱ्यावर एक काळी रेघ, थांबत, खोकत. जाळ्या मागायला अजून वेळ होता. एक हाक पुरली असती. तो मागे वळला असता, वाद घातला असता, आणि शेवटी तिच्याबरोबर निघाला असता. तिला दिराचा स्वभाव ठाऊक होता.

हाक घशापर्यंत आली. पण हाकेखालून दुसरंच काही वर येत होतं. त्या झोपडीचं दार आता आपल्या हाताने ढकलावं लागणार नाही, या विचाराने तिचे खांदे सैल झाले होते. तीन महिन्यांत पहिल्यांदा. तिला स्वतःची शिसारी आली, तरी खांदे सैलच राहिले.

रेघ कुंपणापाशी वळली आणि दिसेनाशी झाली. रोसेंदाने हाक मारली नाही.