खुणांच्या भाषेची फी

खुणांच्या भाषेच्या कोर्सची फी कंपनीकडून मिळावी म्हणून मी अर्ज केला होता. "रिसेप्शनच्या कामाशी याचा काय संबंध?" म्हणत साहेबांनी तो फेटाळला. फोनवर गोड बोलण्याचा कोर्स मात्र नियमात बसतो म्हणे. शेवटी मी पदरमोड करून शिकले.

आज त्याच साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. पॅकिंगमधला एक कर्णबधिर कामगार पोटतिडकीने हातवारे करत होता आणि साहेबांना ओ की ठो कळत नव्हतं.

"ताई, काय म्हणतोय हा?"

"संगणकाच्या कोर्सची फी मिळेल का, विचारतोय."

साहेबांनी मानही वर केली नाही. "सांगा त्याला, कामाशी संबंध नाही."

दात-ओठ खात, स्वतःच्या पैशांनी शिकवलेल्या हातांनी, मी त्याला ते सांगितलं.