वहीत नसलेली चिमूट

वहीत एकशे बारा पानं भरली होती. त्यांत छत्तीस तक्ते, पातेल्यांची नऊ मापं आणि तानूबाईनं मिसळीच्या कटासाठी मसाला काढला त्याच्या अठरा नोंदी. अठराही वेळा ताटलीत दोनशे पन्नास ग्रॅम. तानूबाईनं आयुष्यात काटा वापरला नव्हता.

रसायनशास्त्राची पदवी घेऊन संघप्रिया दादासोंकडे लागली ती २००३ साली, याच वहीसाठी. दादासोंच्या मंगळवार पेठेतल्या मिसळीची पहिली शाखा जयसिंगपुरात पिराजी चालवणार होता. पेठेतला कट करणाऱ्या तानूबाईला ज्यानं कधी पाहिलं नाही, त्याच्याही हातून तिचीच चव उतरावी, एवढंच वहीचं काम. वही पुरी झाली त्या आठवड्यात तानूबाई गेली.

एक गोष्ट मात्र संघप्रियानं वहीत घेतली नव्हती. ताटली पातेल्यात उपडी करण्याआधी तानूबाई त्याच मसाल्यातली पाच बोटांची चिमूट उचलून जाळात टाकायची. सगळ्यांना ठसका लागायचा.

"हे कशाला, मावशी?"

"जाळाचा वाटा. त्येला दिल्याबिगर माझ्या हातनं कट उतरत न्हाय बघ."

संघप्रियाच्या वडिलांनी घरातले असले वाटे कधीच बंद केले होते. तिनं कुतूहल म्हणून ती चिमूट एकदा तोलली. अकरा ग्रॅम भरली. आकडा पेन्सिलीनं समासात लिहिला आणि संध्याकाळी खोडून टाकला. श्रद्धेचा तक्ता कसा करणार?

जयसिंगपुरात वहीबरहुकूम दोनदा कट झाला. दोन्ही वेळा दादासो एका घासात उठले. "तिखट हाय. पर ती न्हाय."

तिसऱ्या दिवशी सकाळी ते बाहेरच्या बाकावर येऊन बसले. "आज जमलं न्हाय तर बोर्ड उतरव, पिराजी. आन् ती वही बंबात घाल."

"घालतो की," पिराजी म्हणाला, "एकशे बारा पानांत दोन अंघोळी हुतील!"

संघप्रिया हसली नाही. वर्षभराचं काम त्या बंबाच्या तोंडाशी होतं. तिनं स्वतः मसाला तोलला, दोनशे पन्नास, आणि ताटली शेगडीशेजारी ठेवली. पिराजीची बायको आक्का मोरीपाशी बटाटे सोलत होती, दोन्ही हात पाण्यात. संघप्रिया वेळ लिहायला वहीकडे वळली.

मागं जाळ तडतडला. जळक्या मिरचीचा ठसका उठला.

"कोण हाय तिथं?" पिराजी दारातून ओरडला.

"मी तर हितंच हाय की!" आक्का खोकत म्हणाली.

शेगडीजवळ कुणीच नव्हतं. ताटली जागच्या जागी होती. मसाल्याच्या ढिगाला एका बाजूला पाच बारीक खळगे पडले होते. संघप्रियानं ताटली पुन्हा काट्यावर ठेवली, आकडा वाचला आणि मसाला पातेल्यात उपडा केला.

दादासोंनी पहिला घास घेतला. मग दुसरा. तिसऱ्याला त्यांनी डोळे मिटले.

"कुणी केला ह्यो कट?"

पिराजीनं संघप्रियाकडे बोट दाखवलं.

"बोर्ड ऱ्हाऊ दे," दादासो हळू म्हणाले. "पोरी, आज जे केलंस ते वहीत घाल. जसंच्या तसं."

संघप्रियानं एकशे तेरावं पान उघडलं. तारीख घातली, वेळ घातली. कटात गेलेला मसाला, या रकान्यात तिनं काट्यावरचा आकडा उतरवला : दोनशे एकोणचाळीस ग्रॅम.