चौथी भाकरी

“अजून एक आहे का गं?”

दीपकने ताट पुढे केलं तशी उज्वलाने चौथी भाकरी वाढली आणि हसू पदराआड लपवलं. वीस वर्षांच्या संसारात या माणसाने दुसरीच्या पुढे कधी मजल मारली नव्हती. कारखान्यातलं लेथ मशीन, व्यायामशाळा आणि उकडलेली अंडी, एवढंच त्याचं जग. गेल्या महिन्यापासून मात्र त्याला तिच्या काळ्या मसाल्याच्या आमटीचं वेड लागलं होतं. उशिरा का होईना, आपल्या हाताला चव आली, असं समजून तिने शेजारच्या ठमाबाईंना आमटीची कृतीही ऐटीत सांगून टाकली होती.

उज्वला सातपूरच्या एका दवाखान्यात नर्स. रविवारी फ्रिज पुसताना कोथिंबिरीमागे इंजेक्शनची इवलीशी बाटली सापडली, तेव्हा तिने ती सरळ दीपकसमोर ठेवली.

“पेप्टाइड आहे,” तो मान खाली घालून म्हणाला. “जिममधल्या खंडेरावने आणून दिलं. डिसेंबरात चाळिशीवरच्यांची बॉडीबिल्डिंग स्पर्धा आहे. म्हटलं, शेवटचं एकदा उभं राहावं.”

“मी जन्मभर लोकांना सुया टोचतेय. मला नाही विचारलंत?”

“तू नाही म्हणाली असतीस.”

दुसऱ्या दिवशी तिने बाटली डॉक्टरांना दाखवली. ते म्हणाले, “सिस्टर, याने शरीर स्वतःचंच ग्रोथ हार्मोन जास्त सोडतं. मोठ्या हॉस्पिटलात मेंदूखालच्या ग्रंथीच्या तपासणीला वापरतात, ते ठीक. पण या बाटलीत काय भरलंय कोण जाणे. साखर वाढते, सूज येते, हात बधिर होतात. आणि भूक मरणाची लागते.”

खरं तर उज्वलाला आधी साखरेची धास्ती वाटायला हवी होती. पण मनात आली ती आमटी. तिला स्वतःचीच लाज वाटली.

संध्याकाळी तिने दीपकच्या बोटाला सुई टोचली. साखर निघाली दोनशे दहा. त्याला सुई टोचलेली कळलीसुद्धा नव्हती.

“कधीपासून?”

“झाले पंधरा दिवस. लेथवर कातलेल्या जॉबची धार बोटाला लागत नाही. दोन जॉब रिजेक्ट गेले.”

“हेच हात गेले तर मी तुमचा तो स्पर्धेचा कप घेऊन काय करू?”

तो उठला आणि बाटली मोरीत रिकामी करून आला.

दोन महिन्यांत साखर उतरली, बोटांनाही जाणीव आली. डिसेंबरातली स्पर्धा त्याने खुर्चीत बसून पाहिली. भूकही पूर्वीसारखी दीड भाकरीवर आली. उज्वलाने आमटी करणंच सोडलं होतं. एका रविवारी ठमाबाईंनी फारच आग्रह केला म्हणून तिने ती पुन्हा केली, पण भाकऱ्या मोजूनच थापल्या.

दीपकचं जेवण झालं. ती ताट उचलायला वाकली.

“थांब. अर्धी वाढ अजून. आमटी छान झालीय.”

“भूक आहे?”

“नाही,” म्हणत त्याने ताट पुढे केलं.

उज्वलाने आपल्या वाटणीची भाकरी मोडली आणि त्यातला मोठा तुकडा त्याला वाढला.