बैलांसाठी खुर्च्या

आमच्या मालकांना ऐकणारा माणूस मिळाला की त्यांच्या जिभेला हाड राहत नाही. मालक म्हणजे ओमप्रकाश, माझे यजमान. ताडकळसला त्यांचा मंडपाचा धंदा आहे. खुर्च्या, गाद्या, जनरेटर, लायटिंग, सगळं पुरवतात. कुणाच्याही लग्नात अक्षता पडायच्या आत ह्यांनी निम्मं वऱ्हाड हसवून ठेवलेलं असतं. मला त्याचं कौतुकच होतं. खोटं कशाला बोलू, त्याच्यावरच भाळून मी लग्नाला हो म्हटलं होतं.

गेल्या वर्षी आषाढात ‘शेजारचा ग्रह’ नावाच्या मालिकेची माणसं मुंबईहून आमच्या भागात आली. परग्रहावरचे लोक पृथ्वीवर उतरतात आणि दर भागात काहीतरी घोटाळा करून ठेवतात, अशी ती मालिका. त्यांना पोळ्याचा खास भाग करायचा होता. गोष्ट मजेशीर होती. परग्रहवाले नेमके पोळ्याच्या दिवशी उतरतात आणि बघतात तर काय, माणसं बैलांना धुताहेत, सजवताहेत, पुरणपोळी भरवून त्यांच्या पाया पडताहेत. त्यांना वाटतं पृथ्वीवर राज्य बैलांचंच आहे. मग ते त्यांच्या राजाचा निरोप घेऊन बैलांपुढे हात जोडून उभे राहतात.

मंडप आणि जनरेटरचं काम मालकांना मिळालं. दिग्दर्शकाला काळं रान आणि देखणी बैलजोडी हवी होती, तर हे त्यांना थेट माझ्या माहेरी, चुडाव्याला घेऊन गेले. माझ्या वडिलांची, पंडितआबांची, चित्र्या आणि माणक्या ही जोडी त्या शिवारात नावाजलेली. शेत स्टेशनाजवळ असल्यामुळे गाडी आली की शूटिंग थांबायचं. पत्र्याचं आणि थर्माकोलचं यान रानात उभं राहिलं आणि गावाची कामं बंद पडली. माझी माय, धुरपताबाई, रोज चहाचं आधण ठेवून परग्रहवाल्यांची वाट बघत बसायची.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदेमळणी असते. जिथे वर्षभर जू बसतं तो बैलाचा खांदा गरम पाण्याने शेकायचा, हळद आणि लोणी लावून मळायचा. मग पळसाचं पान खांद्याला लावून बैलाला सांगायचं, आज आवतन घ्या, उद्या जेवायला या. दिग्दर्शकाला हे सगळं पाहिजे होतं. पण म्हाताऱ्या शेतकऱ्याचं काम करणाऱ्या नटाला माणक्या जवळच येऊ देईना. शेवटी असं ठरलं की तोंड नटाचं दाखवायचं आणि हात आबांचे. आवाजही आबांचाच घेतला. आबांनी दरवर्षी करतात तसंच सावकाश केलं, खांदा मळताना माणक्याशी काहीबाही बोलले आणि तिसऱ्या घरी ऐकू जाईल अशा आवाजात आवतन दिलं. दिग्दर्शक बेहद्द खूश झाला.

दुसऱ्या दिवशी चिखलात रुतलेलं यान बैलांनी ओढून काढायचं होतं. सकाळी माणसं बैल न्यायला आली, तर आबा गोठ्यात बसून दोघांना पुरणपोळी भरवत होते. मायला त्यांनी पहाटेच पुरण घालायला लावलं होतं. काल आवतन दिलंय, आज ह्यांना जुंपणार न्हाई, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. सगळ्यांना वाटलं म्हातारा चेष्टा करतोय. खरा पोळा अजून लांब आहे, कालचं ते नाटक होतं, असं एकानं समजावून बघितलं.

“नाटक तुमचं होतं,” आबा म्हणाले. “बैलाला काय म्हाईत? मी बोललो ते बोललो.”

मालकांनी हातापाया पडून बघितलं, दिग्दर्शकानं कपाळाला हात लावला. दुसरी जोडी आणायची तर पाऊस अंगावर आलेला. शेवटी माणसंच दोराला लावली. गावातले गडी आणि चंदेरी कपड्यातले परग्रहवाले ह्यांनी मिळून ते यान ओढलं. भाग टीव्हीवर लागला तेव्हा लोकांना तोच प्रसंग सगळ्यात जास्त आवडला. बैलांची सुट्टी म्हणून माणसांनी स्वतःच्या खांद्यावर दोर घेतला, अशी त्याची तारीफ झाली. आबांनी पडद्यावर आपले हात बघितले आणि उठून गोठ्यात गेले. पण पुढच्या बाजाराला ते नवा सदरा घालून आले होते, हे माझ्या नजरेतून सुटलं नाही.

ह्या वर्षी पोळा जवळ आल्यावर परभणीचा एक रविकांत नावाचा माणूस मालकांकडे आला. मालिकांच्या पडद्यामागच्या गमती सांगायचं त्याचं यूट्यूब चॅनल आहे. पोळ्याच्या भागावर त्याला मोठा व्हिडिओ करायचा होता. मालक हवेतच गेले. इस्त्रीचा शर्ट घालून, खुर्च्यांच्या ढिगापुढे बसून त्यांनी मुलाखत दिली. परग्रहवाल्यांच्या डोक्यावरच्या शिंगांना सायकलच्या ब्रेकची तार होती, हे सांगितलं. यानाचं दार अडकलं आणि परग्रहाचा दूत आत बसून रेल्वेच्या भोंग्याला घाबरून ओरडत होता, हेही सांगितलं. हे सगळं खरं होतं. मग रविकांतनं विचारलं, अजून एखादी गंमत?

आणि मालकांनी आबांची नक्कल केली. मान तिरकी, एक डोळा बारीक, आवाज हुबेहूब. म्हणे आबांनी शूटिंग थांबवलं आणि ह्यांना फर्मावलं, ‘जावई, दोन खुर्च्या टाका. पाव्हणे कवाचे उभे हायेत.’ म्हणे बैल जेवून हात धुवेपर्यंत अख्खी मुंबई उन्हात उभी होती. रविकांत हसून हसून खुर्चीतून खाली आला. खुर्च्यांचं आबा कधी बोललेच नव्हते, ते ह्यांनी तिथल्या तिथे रचलेलं होतं.

मी तो व्हिडिओ स्वयंपाकघरात बघितला आणि खो खो हसले. मान तिरकी करणं इतकं आबांसारखं होतं की मला आवरेना. मी तो परत लावून बघितला. वर नणंदेला, प्रियांकाला, पाठवला. हे लिहितानाही माझे कान तापतात. रविकांतला परकं म्हणता येईल, मालकांना जावई म्हणता येईल. मला काय म्हणायचं?

व्हिडिओ बघता बघता गावोगाव पोचला. ताडकळसच्या बाजारात आबा वेसणी आणि गोंडे घ्यायला आले, तेव्हा दुकानदारानं त्यांना खुर्ची पुढे केली आणि विचारलं की पाव्हण्यांसाठी अजून एक टाकू का. आजूबाजूचे फिदीफिदी हसले. आबांना आधी समजलंच नाही. मग कुणीतरी त्यांच्यापुढे मोबाईल धरला आणि भर बाजारात, उभ्याउभ्या, आबांनी आपल्या जावयाला आपली नक्कल करताना बघितलं. हे मला मायनं फोनवर सांगितलं. गोंडे न घेताच ते घरी आले होते.

“ते यंदा आवतन देणार न्हाई म्हणायलेत,” माय म्हणाली. “बैल परमेश्वरच्या हातानं येशीत धाडतो म्हणतेत. पोळा म्हंजी खेळ झालाय म्हणतेत. तू बोल गं त्यांच्याशी.”

परमेश्वर शेजारच्या घरचा. आबा आजारी असताना, आजी गेली त्या वर्षी, कधीही आबांनी आवतन चुकवलेलं मला आठवत नव्हतं. बोलेल तसं वागणारा माणूस म्हणून गावात त्यांना मान होता, आणि त्याच मानावर आम्ही दोघं नवराबायको मनसोक्त हसलो होतो.

संध्याकाळी मालकांना धारेवर धरलं. त्यांनी आधी, गंमत आहे गं, मामांना मजा कळत नाही, असं केलं. मग मी खुर्च्यांचं विचारलं. आबा खुर्च्या कधी म्हणाले होते? मालकांनी उठून रविकांतला फोन लावला, तर तो म्हणाला तेवढाच तुकडा लोक बघतात, काढता येणार नाही. त्या रात्री मालक नीट जेवले नाहीत. सकाळी स्वतःच म्हणाले, खांदेमळणीला चुडाव्याला जाऊ, मी मामांच्या पाया पडतो. मला बरं वाटलं. जीभ सैल असली तरी माणूस दिलाचा साफ आहे, असं मी मोटारसायकलवर मागे बसून स्वतःला समजावत होते.

आम्ही पोचलो तेव्हा आबा गोठ्यात होते. बैल धुऊन झाले होते, चुलीवर पाणी तापत होतं. वाटीत हळद-लोणी कालवलेलं आणि शेजारी पळसाची पानं बघून माझा जीव भांड्यात पडला. म्हणजे आबांचा राग निवळला होता, आवतन देणार होते. मालक आधी गोठ्यात गेले, दावणीपाशी जरा घुटमळले. मी बादली घेऊन मागून आले, तोवर ह्यांनी आबांच्या पायावर डोकं ठेवलं होतं.

“मामा, चुकलं माझं,” ते म्हणाले. “तुमी खुर्च्या म्हणलाच न्हवता. मी लोकाला हसवाया खोटं बोललो. माफ करा मला.”

आवाज खरा होता. डोळ्यांत पाणी होतं, तेही खरं होतं. माझेही डोळे भरले. पण आबा खाली बघतच नव्हते. ते समोरच्या भिंतीकडे बघत होते. भिंतीतल्या देवळीत, पेंडीच्या डब्याला टेकवून, मालकांचा मोबाईल उभा केलेला होता.

“उठा जावई,” आबा म्हणाले. “ते आधी बंद करा.”

मालक गडबडले. चारचौघांत बेइज्जती केली, तर माफीही चारचौघांनी बघायला पाहिजे, म्हणून लावला, असं ते म्हणाले. लोकांना कळायला नको का की मामा तसं म्हणालेच नव्हते? बोलणं अगदीच चुकीचं नव्हतं, आणि म्हणूनच मला त्यांच्या थोबाडीत मारावीशी वाटली. मला ते आधी बोलले असते तर मीच कदाचित म्हटलं असतं, लावा, बरं दिसेल. तेही मनात आलं आणि मी बादली खाली ठेवली.

“लोकाला सांगायचंय तर लोकाला सांगा की,” आबा म्हणाले. “माझ्या पाया कशाला पडायलाव मग?”

मालकांनी मोबाईल उचलला, बंद केला आणि मान खाली घालून बाहेर गेले. अंगणात बाजेवर बसले ते बसलेच. मी पदर खोचला. लहानपणापासून खांद्याला पाणी घालायचं काम माझं. आबा मळायचे, मी तांब्यानं गरम पाणी सोडायचे. मी तांब्या भरून चित्र्यापाशी गेले, आबांनी खांदा शेकला, हळद-लोणी लावलं. मला वाटत होतं आता सांगावं, आबा, मीपण हसले. तोंडापर्यंत आलं होतं.

खांदे मळून झाले. आबांनी पळसाचं पान हातात घेतलं आणि तसेच थांबले. त्यांनी देवळीकडे बघितलं, दाराकडे बघितलं. मग माझ्या कमरेकडे, जिथे पदराखाली मी मोबाईल खोचला होता.

“दैवशाला,” ते म्हणाले, “तुझा बी घरात ठिवून ये.”

“आबा, माझा बंद हाय. बघा.” मी काढून दाखवला.

“आसल,” ते म्हणाले. रागाचा मागमूस नव्हता त्या आवाजात. अनोळखी माणसाला वाट सांगावी तसं ते बोलले. “तू जा घरात. आन दार ओढून घी.”

मी तांब्या ठेवला आणि बाहेर आले. दार ओढलं. अंगणातून ह्यांनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे बघितलं नाही. दाराशी उभं राहून ऐकावं असं एकदा वाटलं, पण पाय थांबले नाहीत. सरळ स्वयंपाकघरात गेले. माय उद्याच्या पुरणाची डाळ निवडत होती. तिनं हात थांबवून कान दिला. गोठा भिंतीपलीकडेच होता. शेजारी परमेश्वरच्या घरून त्याच्या बैलांना दिलेलं आवतन स्पष्ट ऐकू आलं. आमच्या गोठ्यातून काहीच नाही.

“दिलं का गं त्यांनी आवतन?” मायनं विचारलं.

“दिलं असेल,” मी म्हटलं.

“असेल? तू तिथंच व्हतीस की.”

“न्हाई माय,” मी म्हटलं. “मला बाहेर काढलं आबानं.”