इंजिनाला बांधलेले दोरे

“निळा सापडतोय का बघ. निळा!” गाडीच्या पोटाखालून लिफ्टवाल्याचा आवाज आला.

“निळा काय?” रफूवालीनं वाकून विचारलं.

“अगं, दोरा. स्टार्टरच्या वायरीला निळा दोरा असेल. एक वायरीला बांधलेला आणि एक ती जिथं लागते तिथं.”

तिनं टॉर्चचा उजेड इंजिनावर मारला. तेल आणि धूळ बसून सगळ्या वायरी एकाच रंगाच्या झाल्या होत्या, पण त्या गुंत्यात खरंच एक निळी गाठ होती. मग हिरवी दिसली, मग जांभळी, मग केशरी. प्रत्येक वायरीला, प्रत्येक नळीला भरतकामाच्या दोऱ्याची एक नेटकी गाठ आणि समोर तिच्या जोडीची दुसरी. रफूवालीच्या पोटात दुखायला लागलं ते तिथूनच.

“कुणी बांधले हे?” उत्तर ठाऊक असूनही तिनं विचारलं.

“तिनं.”

या घरात ‘ती’ एकच होती. जी जिवंत होती, रोज स्वयंपाक करत होती, लोकांच्या फाटक्या कोटांना रफू करून चार पैसे आणत होती, ती नुसती ‘अगं’ होती.

लग्न होऊन दोन वर्षं झाली होती. लिफ्टवाला बिजवर, आणि हीसुद्धा काही कोवळी पोर नव्हती; घर बघून, माणूस बघून, डोळे उघडे ठेवून आली होती. माणूस चांगला निघाला. शहरातल्या उंच इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करायचा, संध्याकाळी घरी यायचा, ताटात पडेल ते खायचा. नवऱ्याबद्दल तिची काही तक्रार नव्हती. तक्रार होती ती गॅरेजमधल्या गाडीबद्दल.

गाडी पहिलीची. तिच्या माहेरून आलेली, तीच चालवायची आणि ती गेल्यापासून बंद पडलेली. रफूवाली स्वयंपाकघरातल्या टेबलावर डोळे फोडत रफू करायची आणि जेवायची वेळ झाली की सुया, दोरे, कोट सगळं उचलून पलंगावर नेऊन टाकायची. तिकडे गॅरेजमध्ये एवढी थोरली खिडकी, दिवसभर स्वच्छ उजेड, आणि त्या उजेडात ही ठोकळा गाडी ऐसपैस बसलेली. सवत जिवंत असती तर चार शब्द सुनावता आले असते. मेलेल्या सवतीचं काय करणार? ती म्हातारी होत नाही, तिची भाजी खारट होत नाही, तिचं कधी काही चुकतच नाही.

म्हणून गेल्या आठवड्यात लिफ्टवाला, “रविवारी इंजिन काढू या, येशील मदतीला?” असं म्हणाला तेव्हा तिला आनंदानं झोप लागली नव्हती. इंजिन निघालं की गाडी भंगारात, आणि खिडकीपाशी आपलं टेबल. मनातल्या मनात तिनं पडदासुद्धा लावून टाकला होता.

लिफ्टवाला सरपटत बाहेर आला. तोंडाला काळं फासल्यासारखा दिसत होता आणि हसत होता.

“पहिल्यांदा आम्ही दोघांनी इंजिन काढलं ना, तेव्हा हे दोरे नव्हते. माझ्या अंदाजानं वायरी जोडल्या. हॉर्न दाबला की वायपर फिरायचा! वर वाटीभर नटबोल्ट उरले ते वेगळेच. मग पुढच्या वेळी ती म्हणाली, तुझ्या डोक्यावर माझा भरवसा नाही, मी बांधते दोरे.”

तो एकटाच खदखदून हसला. दोन वर्षांत हे हसू तिनं ऐकलं नव्हतं. म्हणजे हसता येत होतं तर! फक्त तिच्या वाट्याला आलं नव्हतं.

“पण आता भंगारातच जायचीय, तर वायरी कुठं का लागेनात,” ती म्हणाली.

“भंगारात? छे! पिस्टनच्या रिंगा बदलल्या की पळेल बघ, घोड्यासारखी.”

तो हात पुसत पुसत शेजारी निघाला. शेजारचे निवृत्त पोस्टमन चेनपुली घेऊन येणार होते, ती छताच्या लोखंडी तुळईला टांगून इंजिन वर उचलायचं होतं. वायरी सगळ्या सुटल्या होत्या, दोरे तेवढे आपापल्या जागी होते.

रफूवाली एकटी उरली. पळेल म्हणे, घोड्यासारखी! म्हणजे आता ही उभी तर राहणारच, वर धावणार. दर रविवारी हा तिच्या गाडीत बसणार, तिच्या दोऱ्यांच्या गोष्टी सांगणार आणि आपण शेजारी बसून ऐकायच्या. ती वाकून एकेक गाठ बघत गेली. गाठी चांगल्या होत्या, हेच तर दुखणं होतं. ढिल्या, गबाळ्या असत्या तर तिनं दया दाखवली असती. हिरवी कॉइलला, केशरी डायनामोला, जांभळी पेट्रोलच्या नळीला, आणि सगळ्यांची टोकं सारखी कापलेली. सवतीनं एवढं प्रेम ओतलं इथं! वायरींवर!

रफूवालीच्या कमरेला कात्री सदाची असते. ती हातात कधी आली ते तिलाही कळलं नाही. कच, कच, कच. निळी गेली, हिरवी गेली. इंजिनावरच्याही गेल्या आणि समोरच्याही. तुकडे एप्रनच्या खिशात कोंबून होईस्तोवर फाटकाशी आवाज आलाच.

“लिफ्टराव, तुमच्या लिफ्टसुद्धा अशा दोन माणसं लावूनच ओढता का हो?” पोस्टमन हसत आत शिरले. तिच्याकडे बघून त्यांनी मान डोलावली. पहिलीला ते ‘वहिनी’ म्हणायचे. हिला काय म्हणावं हे त्यांना दोन वर्षांत ठरवता आलं नव्हतं, म्हणून ते मान डोलवायचे.

साखळी चढली. पोस्टमन साखळी ओढायला, लिफ्टवाला इंजिन सावरायला. इंजिन हललं, बोटभर उचललं आणि अडलं. पोस्टमननी आणखी ओढलं तर इंजिनाबरोबर गाडीचंही नाक वर यायला लागलं.

“थांबा, थांबा! काहीतरी धरून ठेवलंय,” लिफ्टवाला ओरडला. “मागं आहे. माझा हात जात नाही.”

“वहिनी, तुम्ही घाला हात,” पोस्टमन साखळी पेलत म्हणाले, “तुमचा बारीक आहे.”

रफूवालीनं चटकन मागं वळून पाहिलं. मागं कुणी नव्हतं. मग तिनं बाजूनं हात आत घातला. बोटांना एक चपटी पट्टी लागली, आणि पट्टीच्या टोकाला, गाडीच्या अंगाशी, एक गाठ. कात्रीला न सापडलेली.

“पट्टी आहे. बोल्टला दोरा बांधलाय,” ती म्हणाली. 

“अर्थिंगची पट्टी! दर वेळी हीच सोडायची राहते!”

पाना आत गेला, बोल्ट सुटला आणि इंजिन वर आलं. हळूहळू गाडीच्या पोटातून बाहेर येऊन साखळीला लोंबकळत राहिलं. दोघांनी ते सावकाश जुन्या टायरवर टेकवलं. पोस्टमननी घाम पुसला आणि सहज रिकाम्या जागेत डोकावून पाहिलं.

“अहो, वहिनींचे दोरे कुठं गेले?”

लिफ्टवाल्यानं पाहिलं. टॉर्च घेऊन पुन्हा पाहिलं.

“मी कापले,” रफूवाली म्हणाली.

“सगळे?”

“दिसले तेवढे सगळे.”

तो ओरडेल असं तिला वाटलं होतं. ओरडला असता तर बरं झालं असतं, तिनंही चार ऐकवले असते. त्यानं चिंधीला हात पुसले, बोटन्‌बोट पुसलं आणि घरात निघून गेला. पोस्टमन चेनपुलीकडे बघत म्हणाले, “राहू दे इथंच, उद्या नेतो.” आणि तेही गेले.

खिडकीतून दुपारचा उजेड येत होता. तिला हवा होता तसाच. रफूवाली खोक्यावर बसली आणि खिशातले तुकडे मांडीवर ओतले. जिंकल्यासारखं काही वाटेना. एकेक गाठ तिनं बोटानं फिरवून पाहिली. पीळ उलटा होता, प्रत्येकीचा.

मग ती उठली आणि घरातून आपला दोऱ्यांचा डबा घेऊन आली. त्या डब्याचा तिला गर्व होता. कुठल्याही रंगाचा कोट आणा, त्याच्या अंगचा धागा तिच्या डब्यात मिळायचाच. ती आधी गाडीवर, मग इंजिनावर वाकली. निळा, स्टार्टरला. हिरवा, कॉइलला. केशरी, डायनामोला. आठवावं लागत नव्हतं, डोळ्यांपुढे सगळं जसंच्या तसं होतं. आवडत्या माणसाच्या हातचं काम आपण कौतुकानं बघतो आणि विसरतो. जिच्यावर जळतो तिचा टाकान्‌टाका लक्षात राहतो. गाठ मात्र तिनं स्वतःसारखी मारली, सुलट्या पिळाची.

पावलं वाजली. लिफ्टवाला दारात उभा होता, दोन कप चहा घेऊन. डोळे धुतल्यासारखे लाल होते. तो जवळ आला आणि एकेक गाठ बघत गेला.

“तुला हे सगळं कसं लक्षात राहिलं?”

“जळत होते ना,” ती मान वर न करता म्हणाली. “डावरी होती का हो ती?”

“हो. तुला कुणी सांगितलं?”

“गाठींनी.”

त्यानं चहा तिच्या बाजूला ठेवला. “चालती करून कुणाला तरी देणार होतो गाडी. बंद गाडी भंगारात जाते गं. तिची गाडी कापताना बघायची माझी छाती होईना. चालती असली की निदान कुणीतरी बसेल, फिरवेल. मग ही जागा तुलाच होती.”

“मग आधी सांगायला तोंड नव्हतं?”

“काय सांगणार? तिचं नाव काढलं की तुझं तोंड उतरतं.”

ते खरं होतं. तिनं जांभळा दोरा पेट्रोलच्या नळीला गुंडाळला आणि दातांनी टोक तोडलं.

“बरोबर आहेत का सगळे? बघा एकदा.”

“एक निळा सोडला तर मला कुठं ठाऊक? मला आठवत असतं तर तिनं दोरे कशाला बांधले असते?” तो म्हणाला. “गाडी चालू झाली की कळेल. आणि हॉर्न दाबल्यावर वायपर फिरला तर?”

“तर माझं नाव घ्या. तिचं नको.”

तो हसला. मघासारखा खदखदून नाही, जरासाच. पण हे हसू तिच्या वाट्याचं होतं.

“ती अर्थिंगची तेवढी राहिली,” तो म्हणाला. “जुनी गाठ आहे तिथं, काळी पडलीय. तीही काढ हवी तर. सगळ्या सारख्या होऊ देत.”

तिनं कात्री घेतली आणि हात आत घातला. गाठ बोटांत धरली. मग कात्री कमरेला परत अडकवली, चिंधीचं टोक रॉकेलमध्ये बुडवलं आणि ती गाठ हळूच पुसली. काजळी निघाली, तेल निघालं आणि खालून पिवळा रंग वर आला, कालच बांधल्यासारखा. पट्टीच्या इंजिनाकडच्या टोकाची तिची जोडी मघाशी कात्रीनं नेली होती, तिथं नवी गाठ हवी होती, म्हणून ती डब्याकडे वळली. हळदी होता, लिंबू होता, सोनेरी होता. एकेक रीळ उजेडाला धरून तिनं त्या गाठीशी ताडून पाहिलं आणि परत ठेवलं.

तसा पिवळा तिच्या डब्यात नव्हता.