धुळाची शिक्षा

विट्याच्या पूर्वेला, माळाच्या कडेला गुंडाचं वावर. हुरड्याला आलेला शाळू एका पहाटे धुळा धनगराच्या मेंढरांनी भुईसपाट केला. धुळा दारू पिऊन बांधावर घोरत पडला होता.

दिवस वर आला तसे पंच चावडीपुढं बसले. आप्पासो पाटलानं विचारलं, "धुळा, कबूल हाय?"

"हाय की. डोळा लागला."

"मग घे जात्याची तळी खांद्यावर. दुपारपातूर हितं उन्हात हुभा ऱ्हा."

गावची रीतच होती तशी. पण धुळा उठायच्या आत गुंडा पुढं झाला. म्हणाला, "पाटील, ती तळी मी घेतो."

गुंडा दोन सालांमागं किरिस्ताव झालेला. पाद्रीसाहेबांनी त्याचं नाव शिमोन ठेवलं होतं, पण गावानं ते मनावर घेतलं नव्हतं.

"आरं, शाळू तुझा गेला न्हवं?" पाटील म्हणाला.

"व्हय."

"मग माफ कर त्येला आन् जा घरला."

"नुसतं तोंडानं म्हनून भागतंय व्हय? कसूर घडलाय. कुनीतरी सोसाय पायजे. माजा कसूर बी एकानं असाच सोसलाय."

"कुनी? आमच्या कानावर न्हाई."

"हितला न्हवं त्यो. येशू. सोताचा क्रूस खांद्यावर घिऊन मराय गेला. माज्यापायी."

पाटलानं पंचांकडं बघितलं. एकाची शिक्षा दुसऱ्यानं घेऊ नये, असं रिवाजात कुठं नव्हतं. आजवर कुणी मागितलीच नव्हती.

"घेतोय तर घिऊ द्या की," धुळा म्हणाला आणि तंबाखू मळायला लागला.

गुंडानं तळीचा जड दगड खांद्यावर घेतला. थोड्या वेळानं त्याची बायको हरणाबाई तरातरा आली.

"पाद्री सांगत्यात ते आयकायचं असतं. लगीच करायचं असतं व्हय?"

"मग कवा करायचं?"

डोक्यावरची चुंबळ काढून तिनं तळीखाली सारली आणि बाजूला उभी राहिली.

ऊन चढलं. गुंडाच्या सदऱ्यावर खांद्यापाशी रक्त फुटलं. धुळाचा तंबाखू हातातच राहिला. एकाएकी तो उठला.

"आन हिकडं. बास झालं."

"न्हाई."

"आरं, माजी हाय ती!"

"आता न्हाई."

धुळानं तळीला हात घातला. गुंडा सोडेना. शिक्षेसाठी दोन गडी झोंबताहेत, असं गावानं कधी बघितलं नव्हतं. पाटील ओरडला, "धुळा, खाली बस! पंचांनी एकदा दिलीया!"

धुळा बसला. त्यानं गुडघ्यात तोंड घातलं, ते दुपारपर्यंत वर काढलं नाही.

सांजेला हरणाबाई चुलीपुढं हळद गरम करत होती. दारात धुळा येऊन उभा राहिला.

"आता काय ऱ्हायलं?" ती म्हणाली. "फेडाय आला आसशील तर जा. ह्यांनी फेडलंय."

"फेडाय न्हाई, वैनी." धुळानं पागोटं काढून हातात धरलं. "घरला जाऊशी वाटंना."

गुंडाला मान वळवता येत नव्हती. भिंतीकडं तोंड करूनच तो म्हणाला, "बस रं."

हरणाबाईनं मडक्यात हात घातला. पीठ दोघांपुरतंच होतं. तिनं भाकरी पातळ थापल्या.